समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत

आमच्या सोसायटीत भटक्या कुत्र्यांना खायला घालणारी मी. रात्री भात, त्यात चिकन उकडलेलं पाणी, तीन स्टीलच्या ताटल्या. ढवळी, काळू आणि बंड्या. तिघांच्याही कानाला नसबंदीची खाच आहे, तिघांनाही दरवर्षी रेबीजची लस टोचून घेते. या तीन ताटल्यांवरून आमच्याकडे दोन गट पडले होते. एक बाई तर माझ्याशी लिफ्टमध्येसुद्धा बोलेनाशी झाली होती. ते भांडण कसं निवळलं ते सविस्तर सांगते. तुमच्याकडे कुत्र्यांऐवजी विसर्जनातला डीजे असेल, पुनर्विकास असेल, नाहीतर रस्तारुंदीत जाणारी वडाची झाडं असतील. तिथेही हीच रीत उपयोगी पडेल.

रीत कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची. मी शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे हे नाव माझ्या रोजच्या कामातलं. १९५१ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एका परिषदेत त्यांनी निबंध सादर केला. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याचं वाक्य कानावर पडताच आपण ते बरोबर की चूक हे ठरवायला लागतो आणि संवाद तिथेच तुंबतो. त्यावर त्यांनी एक नियम सुचवला. वाद तापला की थांबायचं. आधीचा माणूस जे बोलला ते, त्यामागच्या भावनेसकट, त्याला पटेल अशा शब्दांत बोलून दाखवायचं. त्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय स्वतःचं काही बोलायचं नाही. पुढे १९७० मध्ये रिचर्ड यंग, ॲल्टन बेकर आणि केनेथ पाइक या तिघांनी या नियमावरून लेखी युक्तिवादाची पद्धत बसवली. रॉजर्स स्वतः तर बेलफास्टच्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट माणसांना एकत्र बसवून बोलतं करण्यापर्यंत गेले.

आपल्याकडे पूर्वपक्ष होताच की, असं कुणी म्हणेल. होता, आणि त्याचा मला अभिमान आहे. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग त्याचं खंडन, मग आपला सिद्धान्त. पण पूर्वपक्ष मांडला जातो तो पुढे खोडण्यासाठी. रॉजर्सच्या रीतीत समोरच्याचं म्हणणं मांडताना आपलंच मत हलण्याची शक्यता खरोखर उघडी ठेवावी लागते. हा फरक छोटा नाही. ती तयारी नसेल तर पुढचं काहीही करू नका, कारण समोरच्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

आता माझी चूक. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये आले. त्यातल्या विसाव्या नियमात भटक्या प्राण्यांना खायला देण्याची व्यवस्था सोसायटीने करावी असं म्हटलंय. मी ते पान छापलं, पिवळ्या मार्करने दोन ओळी रंगवल्या आणि लिफ्टशेजारी लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कागदाखाली दुसरा कागद होता. तोच नियम, पण रंगवलेल्या ओळी वेगळ्या. खायला घालायची जागा परस्परसंमतीने ठरवावी. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी. वेळसुद्धा मुलं आणि ज्येष्ठ नागरिक बघून ठरवावी. मी ताटल्या ठेवत होते मेन गेटच्या आत, वॉचमनच्या केबिनला लागून. एकाच नियमाचा अर्धा भाग मी भिंतीवर लावला होता, अर्धा त्यांनी. दोघांचंही खरं होतं आणि दोघांनीही एकमेकांचं वाचलं नव्हतं.

तो दुसरा कागद सी विंगमधल्या काकांनी लावला होता. सोसायटीतली कुत्री उचलावीत असा ठरावही त्यांनीच आणला होता. मग मी ठरवलं, सगळ्या सोसायटीला पटवायचं नाही. काकांकडे जायचं.

पहिलं काम घरी बसून, कागद-पेन घेऊन करायचं. समोरच्याची बाजू दहा ओळींत लिहा. जणू ती तुमचीच आहे आणि उद्या कमिटीपुढे ती तुम्हालाच मांडायची आहे. ‘त्यांना असं वाटतं’ असं लिहायचं नाही, कारण त्या शब्दांत ‘पण तसं नाहीये’ दडलेलं असतं. ‘पण’ हा शब्द कागदावर येऊ द्यायचा नाही. त्यांना चिकटवलेली नावंही नकोत. आमच्याकडे ती मंडळी आम्हाला ‘डॉगवाले’ म्हणत, आम्ही त्यांना ‘डॉग हेटर’. ही नावं तोंडात असेपर्यंत माणूस दिसत नाही. मी जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे लिहायला बसले, तर चौथ्या ओळीला अडकले. काकांचा विरोध मला माहीत होता, विरोधाचं कारण माहीत नव्हतं. कागद जिथे अडतो तिथूनच विचारायचे प्रश्न मिळतात.

दुसरं, भेट घरी घ्या आणि एकट्याने घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, वार्षिक सभेत तर मुळीच नाही. प्रेक्षक असले की माणूस आपल्या गटाला राखायला लागतो, आणि मत बदललं तरी ते बोलून दाखवणं त्याला जड जातं. जाताना नियमाचं पान, कात्रणं, फोनमधले व्हिडिओ काहीच नेऊ नका. मी फक्त तो कागद नेला. काकूंनी चहा ठेवला. मी काकांना म्हटलं, “काका, आज मी माझी बाजू सांगायला आलेली नाही. तुमचं म्हणणं मला कितपत कळलंय ते वाचून दाखवते. चुकेल तिथे थांबवा.”

मी वाचलं, “तुम्हाला या कुत्र्यांची भीती वाटते.”

“भीती?” काका म्हणाले. “अगं, आमच्या गावाला घरात चार कुत्री होती.”

मी ते खोडलं. म्हटलं, मग नातीला चावतील याची काळजी वाटते. काका म्हणाले, तेही आहे, पण ते नाही. मग ते थोडा वेळ गप्प बसले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “सहा पन्नासला तिची बस येते. त्या दिवशी तो काळा अंगावर भुंकत आला. ती हात सोडून रस्त्याकडे पळाली. माझे दोन्ही गुडघे बदललेत. मला पळता आलं नाही. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून.” पोर पडली, ढोपर सोलवटलं. दाताचं की खडीचं हे नक्की कळेना, म्हणून डॉक्टरांनी लस सुरू केली. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पाचही वेळा तिला घेऊन काकाच गेले होते.

मी कागद उलटा केला आणि नव्याने लिहिलं, “माझी नात माझ्या भरवशावर खाली येते. कुत्रं अंगावर आलं तर मी तिला वाचवू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून ज्या वाटेने तिला मी नेतो, त्या वाटेवर कुत्री नकोत.” वाचून दाखवलं. काका म्हणाले, “हो. हेच.”

तिथे माझ्या पोटात कालवलं. काळूला गेटपाशी थांबायची सवय मी लावली होती. रोज तिथे ताटली मिळते म्हणून तो ती जागा आपली समजायला लागला होता, आणि आपल्या जागेत धावत येणाऱ्या माणसावर कुत्रं भुंकतं. कुत्र्यांविषयी इतकी वर्षं वाचलेलं मला काकांच्या हॉलमध्ये बसून लागू पडलेलं दिसलं.

‘हो, हेच’ ऐकल्यावर लगेच आपली बाजू मांडायची घाई होते. त्या दिवशी मांडू नका. चहा संपवा आणि उठा. मी तेच केलं. काका दारापर्यंत आले, ते याआधी कधी आले नव्हते.

तिसरं काम पुन्हा कागदावरचं, आणि हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. समोरच्याचं म्हणणं कोणत्या परिस्थितीत बरोबर आहे, ते शोधायचं. ‘तुमचंही बरोबर, आमचंही बरोबर’ हे नुसतं गुळमुळीत बोलणं झालं, त्याने कुणाचंच समाधान होत नाही. नेमकं लिहा. गेटजवळ, सकाळी साडेसहा ते आठ या वेळात, मुलं आणि म्हातारी माणसं एकाच अरुंद वाटेने जात असताना तिथे कुत्री बसलेली असणं धोक्याचं आहे. या वाक्यावर मी आजही सही करीन.

मग त्याच साच्यात आपलं म्हणणं. माझं बरोबर कधी? नसबंदी आणि लस झालेली कुत्री इथून उचलली आणि कचऱ्याची उघडी कुंडी तशीच राहिली, तर मोकळ्या जागेत बाहेरची कुत्री येतात. त्यांची ना नसबंदी झालेली असते, ना लस. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून लस टोचलेली ओळखीची तीन कुत्री अनोळखी सहांपेक्षा बरी. कुंडी बंदिस्त झाली, आसपास कुत्रीच उरली नाहीत, तर माझा हा मुद्दा पडतो. तेही मी लिहिलं. आपला मुद्दा कुठे पडतो हे आपण स्वतः सांगितलं, की समोरच्याला तो पाडायची गरज उरत नाही.

चौथं, मागणं लहान ठेवा आणि आपलं देणं आधी सांगा. मी कमिटीला जे पत्र दिलं, त्याची सुरुवात अशी होती:

“सकाळी शाळेच्या बसच्या वेळी गेटवर कुत्री असतात, त्यामुळे लहान मुलं आणि त्यांना सोडायला येणारे आजी-आजोबा यांना रोज धोका पत्करावा लागतो. एका मुलीला दुखापत होऊन लशीचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. त्या जागी खायला घालणं माझी चूक होती. ताटल्या आजपासून पंपरूमच्या मागे, रात्री साडेदहानंतर ठेवीन, आणि अर्ध्या तासात जागा धुऊन घेईन. बसच्या वेळी मी स्वतः गेटवर उभी राहीन.”

यानंतर दोनच विनंत्या. कुत्री उचलण्याचा ठराव सहा महिने पुढे ढकलावा आणि कचऱ्याच्या कुंडीला झाकण बसवावं. पत्रात नियमाचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत केला, तोही दोन्ही अर्ध्या भागांसकट. पत्र कमिटीकडे जाण्याआधी काकांना वाचायला दिलं. त्यांनी ‘दुखापत’ या शब्दापुढे पेनाने ‘किरकोळ’ असं लिहिलं. माझ्या विरोधकाने माझ्याच पत्रात माझ्या बाजूने केलेली ती दुरुस्ती मी जपून ठेवली आहे.

ठराव पुढे ढकलायच्या विनंतीवर काकांनी उत्तराला अकरा दिवस घेतले. मध्ये मी आठवण केली नाही. तुम्हीही करू नका.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाही टोचतो. समजून घ्या, ऐकून घ्या, आपलं मागाहून बोला, हे बायकांना लहानपणापासून शिकवलेलं असतंच. काही स्त्री अभ्यासकांनी या रीतीवर नेमकं हेच बोट ठेवलंय. माझं उत्तर असं, की दोघांच्या हातात साधारण सारखी ताकद असेल तिथेच ती वापरावी. काका आणि मी, दोघेही फ्लॅटमालक, दोघांचं एकेक मत. पण ज्याला घरातून काढलं जातंय त्याला काढणाऱ्याची बाजू आधी मांडायला लावणं हा अन्याय आहे. तिथे रॉजर्स नको, वकील हवा. आमच्या ग्रुपवर एकाने ‘विष घालून मोकळे होऊ’ असं लिहिलं होतं. त्याला मी काही समजावत बसले नाही. तो गुन्हा आहे हे त्याला कळवलं, स्क्रीनशॉट ठेवला आणि पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला.

आणि ही रीत एकदाच करून संपत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. ११ तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा, आणि २२ तारखेला त्यात बदल करून, रेबीज झालेली किंवा हिंस्र सोडून बाकीची नसबंदी-लशीनंतर पुन्हा आपापल्या भागात सोडा असा. आमच्या ग्रुपवर पुन्हा तेच झालं. अर्ध्यांनी पहिली बातमी टाकली, अर्ध्यांनी दुसरी. या वेळी मी काहीच टाकलं नाही. खाली जाऊन काकांना विचारलं, “तुम्ही कसं बघता याकडे?” आम्ही दोघांनी दोन्ही बातम्या शेवटपर्यंत वाचल्या. रस्त्यावर कुठेही खायला घालू नये, ठरलेल्या जागीच घालावं, हेही दुसऱ्या आदेशात होतं. ते काकांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी मान्य केलं.

काकांचं मत आजही तेच आहे, सोसायटीत कुत्री नकोत. ठराव मात्र त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा आणला नाही. कुंडीला झाकण बसलंय, पण ते नीट लागत नाही, त्याच्यासाठी आम्ही दोघं कमिटीच्या मागे आहोत. सकाळी सहा चाळीसला मी गेटवर असते. नात आधी माझा हात धरायची नाही. आता दप्तर माझ्याकडे देते आणि काकांचा हात धरून बसपर्यंत जाते.