चार फुटी टाकीत कोणते मासे एकत्र नांदतात?

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण 255 लिटर पाणी मावतं. रेती, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती 210-220 लिटर उरतं. एवढी मोठी टाकी घरात आली की दुकानातला प्रत्येक मासा हवासा वाटतो. मग आवडेल त्याची एकेक जोडी घरी येते आणि महिन्याभरात शेपट्या कुरतडलेल्या दिसू लागतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आपलं पाणी, मग एक मुख्य मासा, मग त्याला मानवतील असे सोबती.

पाणी ओळखा

धरणातून येणारं महापालिकेचं पाणी बहुधा मृदू असतं, बोअरचं बहुधा जड. घरात डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असं धरून चाला. नक्की आकडा हवा असेल तर हार्डनेस (जडपणा) आणि पीएचचं (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं) टेस्ट किट घ्या. मृदू पाण्यात एंजल, टेट्रा, गोरामी, कोरिडोरास (तळाला राहणारे छोटे कॅटफिश) खुश असतात. जड पाण्यात मॉली, गप्पी किंवा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड घ्या, या सिक्लिडना 7.8 ते 8.6 पीएच लागतो. हे दोन गट एकत्र करू नका. नुसत्या आरओच्या पाण्यानेही टाकी भरू नका, त्यात माशांना लागणारे क्षार जवळजवळ उरत नाहीत.

आणि एप्रिल-मेचा विचार आजच करा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं, डिस्कसला 28 ते 30 अंश लागतं. या दोघांना एकत्र ठेवलं तर एकाचे हाल ठरलेले. केरळच्या डोंगरी ओढ्यांतला ‘मिस केरळा’, म्हणजे डेनिसन बार्ब, चार फुटी टाकीत कळपाने पोहताना फार देखणा दिसतो. 2013 मध्ये त्याच्या प्रजातीला (जीनसला) सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं. पण तो वाहत्या, थंड पाण्यातला. उन्हाळ्यात घरातली टाकी तिशीपार जात असेल तर त्याचा मोह आवरा. घ्यायचाच असेल तर हॅचरीत वाढवलेलाच मागा, कारण निसर्गात तो धोक्यात आलेला आहे.

मुख्य मासा एकच निवडा

पिल्लाकडे पाहून नाही, पूर्ण वाढीकडे पाहून निवडा. ‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं बोटभर पंगासियस मीटरभर वाढतं. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा असतो. शेवाळ खाईल म्हणून घेतलेला साधा सकर दीड फुटाच्या आसपास जातो. त्याच्याऐवजी ब्रिसलनोज नावाचा छोटा सकर घ्या, तो साधारण 12 सेंटीमीटरवर थांबतो.

मृदू पाणी आणि आपली हवा धरली तर माझी पहिली पसंती एंजलला. दीड फूट उंची त्याच्या लांब परांना पुरते आणि 26-28 अंशांत तो मजेत राहतो. पाच-सहा लहान एंजल एकत्र वाढवा. त्यांच्यात जोडी जमली की लगेच कळतं: दोघं मिळून एखादं रुंद पान किंवा फिल्टरचा पाइप तोंडाने घासून साफ करतात, तिथे अंडी घालतात आणि बाकीच्या सगळ्यांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला पिटाळतात. अशा वेळी जोडी तेवढी ठेवून बाकीचे एंजल काढावे लागतात.

सोबती जुळवा

एंजलबरोबर निऑन टेट्रा ठेवू नका. पिल्लं असेपर्यंत सगळं ठीक चालतं, पण एंजल वाढला की निऑन त्याच्या तोंडात मावतो आणि रात्रीतून एकेक गायब होऊ लागतो. त्याऐवजी अंगाने भरलेले काँगो टेट्रा आठ-दहा घ्या. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा टाळा, लांब पर दिसले की ते कुरतडतातच. तळाला सहा-आठ कोरिडोरास आणि एखादा ब्रिसलनोज. कोरिडोरासना बारीक रेती हवी. धारदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात. कळपातले मासे दोन-दोन आणून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, संख्या कमी पडली की ते बुजरे होतात किंवा इतरांना टोचत राहतात.

जड पाणीवाल्यांनी मलावीचे सिक्लिड घेतले तर दगडांच्या भरपूर कपारी रचा आणि तीच एक वस्ती ठेवा.

दुकानात

मासा खाताना दाखवा म्हणावं. पर मिटलेले, पोट खपाटीला, कल्ल्यांची जोरजोरात उघडझाप किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका.

सोडण्याचा क्रम

नव्या टाकीत आधी माशांच्या घाणीतली विषारी द्रव्यं मोडणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्यं शून्यावर आल्याशिवाय मासे आणू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषध घालून मारा.

मग आधी तळाचे, पंधरा दिवसांनी टेट्रा, सगळ्यात शेवटी एंजल. भांडखोर मासा आधी आला तर तो सगळी टाकी आपलीच समजतो आणि नंतरच्यांना टिकू देत नाही. प्रत्येक नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून मगच आत सोडा. सोडताना दिवा बंद ठेवा.

तरी पाठलाग सुरू झालाच तर लाकूड-दगडांची जागा बदला, त्याने जुन्या हद्दी मोडतात. तेवढ्याने भागलं नाही तर त्रास देणारा मासा बाहेर काढा. दुकानदार परत घेईल का, हे विकत घेतानाच विचारून ठेवा. नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नका. लोकांनी असेच सोडून दिलेले सकर आज आपल्या नद्या-तलावांत वाढले आहेत आणि त्यांच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.