भांडण नाही तरी दुरावा का वाटतो? नात्यात या चुका टाळा

बऱ्याच जोडप्यांचं म्हणणं असतं की आमच्यात मोठं असं काही झालंच नाही, पण आता पहिल्यासारखं राहिलं नाही. मला वाटतं अशा वेळी मोठं कारण शोधत बसूच नये, रोजच्या बारीकसारीक गोष्टी तपासाव्यात.

सगळ्यात जास्त नडते ती सवय म्हणजे मोबाईलमधून मान वर न काढता "हं हं" करणं. ती खिडकीपाशी उभी राहून म्हणते, "अरे बघ ना, आभाळ कसलं भरून आलंय", तेव्हा तिला हवामानाची बातमी द्यायची नसते, तू उठून दोन मिनिटं तिच्या शेजारी उभं राहावंस एवढंच हवं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवीन लग्न झालेली जोडपी अशा छोट्या हाकांना कसा प्रतिसाद देतात ते बघितलं आणि ६ वर्षांनी परत चौकशी केली, तर ज्यांचा संसार टिकला होता त्यांनी ८६ टक्के वेळा ओ दिली होती आणि घटस्फोट झालेल्यांनी फक्त ३३ टक्के वेळा. कामात असाल तर तसं सांगा ना, "पाच मिनिटं दे, एवढं संपवून ऐकतो." पण मग काम झाल्यावर आपणहून जाऊन "हां, काय सांगत होतीस?" हे विचारायचं, नेमकं तेच लोक विसरतात आणि समोरचा हळूहळू सांगायचंच बंद करतो.

दुसरी चूक आनंदावर विरजण घालायची. तो उड्या मारत सांगतो प्रमोशन झालं, आणि आपण म्हणतो "म्हणजे आता घरी यायला अजून उशीर." काळजी खरी असते हो, पण ती उद्या बोलता येते. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावरच संशोधन मांडलं, जोडीदार आपल्या चांगल्या बातमीत मनापासून रस घेतो असं ज्यांना वाटतं ते नात्यात जास्त समाधानी दिसले. त्यामुळे आधी विचारा, कोणी सांगितलं, कसं सांगितलं, तुला काय वाटलं.

"घरातलं सगळं मीच करते" किंवा "मीच करतो" हा हिशोब पण जपून. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली या संशोधकांनी नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं की कुठल्या कामात तुमचा वाटा किती, आणि दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे कोणी खोटं बोलतं असं नाही, आपण केलेलं आपल्याला आठवतं आणि दुसऱ्याने केलेलं दिसतच नाही. म्हणून थॅंक यू म्हणताना नेमकं काम घेऊन म्हणा, "बिल भरलंस ते बरं झालं, माझ्या डोक्यातून गेलंच होतं."

चारचौघात जोडीदाराची टर उडवणं आणि "सॉरी, पण तू पण..." हे दोन्ही सरळ बंद करा, यात मधला मार्ग नाही.

या सवयी बदलायला घेतल्या की सुरुवातीला "आज काय काम काढलंस?" असं ऐकायला मिळेल. चिडू नका, चालू ठेवा, इतके दिवस दुर्लक्ष झालं असेल तर विश्वास बसायला वेळ लागणारच. फक्त मारहाण, धाक किंवा सतत अपमान असेल तर तिथे हे उपाय करत बसू नका, जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.