आधी दम, मग वेग : नव्याने धावू लागलेल्यांसाठी

नव्याने धावू लागलेल्या माणसाला पाचशे मीटरच्या आत धाप लागली की तो आपल्या स्टॅमिन्याला दोष देतो. दोष बहुधा वेगाचा असतो. ठाण्यातील उपवन तलावाच्या काठी सकाळी थोडा वेळ उभे राहिले तरी हे पाहायला मिळते: कोरे बूट घातलेला तरुण पहिल्या वळणापर्यंत सुसाट जातो, तिथे कमरेवर हात ठेवून वाकतो, घड्याळ पाहतो, आणि त्याने मघाशी मागे टाकलेले साठीचे गृहस्थ संथ पावले टाकीत त्याच्या शेजारून पुढे निघून जातात. धावण्याच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत हृदय आणि श्वास यांनी पुरती गती घेतलेली नसते, तरी स्नायू आपल्याजवळच्या साठ्यावर जोरात काम करू शकतात. म्हणून तो वेग सोपा वाटतो. त्याची किंमत तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कळते.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपला सोपा वेग शोधणे. त्यासाठी घड्याळाची गरज नाही. धावता धावता आपल्या घराचा पूर्ण पत्ता मोठ्याने सांगून पाहावा: इमारतीचे नाव, रस्ता, ठाणे पश्चिम आणि शेवटी पिनकोड. मध्ये एखादा सहज श्वास घेऊन तो नीट सांगता आला, तर वेग योग्य आहे. पिनकोडचे आकडे तुटक येऊ लागले, तर वेग कमी करावा, आणि तरीही जमत नसेल तर चालावे. हा वेग आपल्याला लाजिरवाणा वाटेल इतका कमी असू शकतो. एका किलोमीटरला आठ किंवा नऊ मिनिटे लागली तरी ते धावणेच आहे, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याहून जलद जाण्याचे काही कारण नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर इतरांनी टाकलेले पेसचे, म्हणजे एका किलोमीटरला लागलेल्या मिनिटांचे, आकडे या काळात पाहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत, आणि शक्यतो दोन धावण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा असावा. सुरुवातीला पाच-सात मिनिटे झपझप चालून अंग गरम करावे. मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे साधारण चोवीस मिनिटे करावे, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे सावकाश चालावे. यात एक गोष्ट नेमकी उलटी केली जाते: दम संपला की चालायचे, असे लोक समजतात. चालण्याची पाळी ठरल्या वेळी, म्हणजे आणखी धावता आले असते अशा अवस्थेतच घ्यावी, कारण पूर्ण दमल्यावर घेतलेल्या विश्रांतीत श्वास लवकर जागेवर येत नाही आणि पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वाईट जातो. हे प्रमाण सोपे वाटू लागले की दोन मिनिटे धावणे आणि दोन चालणे, पुढे तीनास एक, पाचास एक, असे वाढवत न्यावे. आठ ते बारा आठवड्यांत सलग अर्धा तास धावणे अनेकांना जमते. कुणाला अधिक वेळ लागला तर एखादा आठवडा पुन्हा करावा. या सगळ्या काळात मोजायची ती मिनिटे, किलोमीटर नव्हेत. अंतर डोळ्यांसमोर ठेवले की माणूस ते लवकर संपवायला पाहतो.

इतक्या सावकाश धावून स्टॅमिना वाढतो कसा, हा प्रश्न रास्त आहे. सोप्या श्रमात नियमितपणे राहिल्यास हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, त्यामुळे तोच वेग पुढे कमी श्रमात निभतो. हे बदल घडायला जोर लावण्यापेक्षा सातत्य अधिक लागते. मात्र इथे एक खाचखळगा आहे, आणि उत्साही माणसे त्यातच सापडतात. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडे, स्नायुबंध आणि घोट्यामागची जाड शीर (अकिलीस टेंडन) यांना तोच भार पेलायला कितीतरी अधिक काळ लागतो. दम पुरतो म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंतर एकदम दुप्पट केले की नडगी दुखू लागते. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वीच सल्ला घ्यावा, आणि छातीत दुखणे किंवा चक्कर येणे हे दमल्याचे लक्षण समजून अंगावर काढू नये.

ठाण्याच्या हवेचा हिशेब वेगळा धरावा लागतो. खाडीकाठच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही; घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही, मग त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके वाढत जातात. म्हणून जानेवारीत सहज जमलेला वेग मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात जमला नाही, तर स्टॅमिना घटला असे मानू नये. पत्ता सांगण्याची कसोटी वापरावी आणि घड्याळ सांगेल तो आकडा मुकाट्याने स्वीकारावा. घोडबंदर रस्त्यालगतच्या उंच इमारतींमध्ये जीपीएसचा हिशेबही चुकतो, तेव्हा घड्याळातील क्षणोक्षणीच्या पेसवर विसंबू नये. एखादी सुरक्षित फेरी निवडून ती नेहमीचीच ठेवावी आणि तिला लागणारा वेळ पाहावा. येऊरच्या डोंगराचा चढ नवशिक्याला खुणावतो, पण तिथे वेग राखण्याचा हट्ट धरला की पहिल्याच वळणावर दम जातो. चढावर श्रम सारखे ठेवायचे असतात, वेग नव्हे. पावले लहान करावीत, लागल्यास चालावे. शिवाय तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतो आणि तिथे बिबट्यांचा वावर असतो, म्हणून अंधारात एकट्याने जाऊ नये.

सलग अर्धा तास जमू लागला की तीनपैकी एक दिवस लांब पल्ल्यासाठी राखावा आणि त्यात दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असा एक जुना ठोकताळा आहे. तो शास्त्रीय नियम नाही, पण उतावळ्यांना आवर घालायला बरा पडतो. दर चौथ्या आठवड्यात धावणे थोडे कमी करावे. वेगाची गोडी लागली असेल तर एखाद्या सोप्या धावण्याच्या शेवटी वीस सेकंद मोकळेपणाने जलद धावून मग पूर्ण श्वास येईपर्यंत चालावे, असे चार वेळा करावे. एवढे सध्या पुरे.

पहिली पाच किलोमीटरची शर्यत धावताना हीच शिस्त कसोटीला लागते, कारण ढोल-ताशे वाजत असतात आणि गर्दी पुढे ढकलत असते. चाळीस मिनिटांचे लक्ष्य असेल तर सरासरी किलोमीटरला आठ मिनिटे पडतात. पहिला किलोमीटर सव्वाआठ मिनिटांत काढावा, मधले तीन आठ-आठ मिनिटांचे ठेवावेत, म्हणजे शेवटच्यासाठी पावणेआठ मिनिटे उरतात. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने 2018 मध्ये बर्लिन मॅरेथॉन 2 तास 1 मिनिट 39 सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग 61 मिनिटे 6 सेकंदांचा आणि दुसरा 60 मिनिटे 33 सेकंदांचा होता. आपण पहिल्या किलोमीटरला अनेकांना पुढे जाऊ द्यावे. त्यांतले बरेचजण चौथ्या किलोमीटरला पुन्हा भेटतात.