मासा की गुंज? जुने पाठ मोजताना या चुका टाळा

आजोबांची औषधी पाठांची, म्हणजे कृतींची वही घेऊन कुणी औषध करायला निघालं की मी आधी विचारतो, "वहीतला मासा किती गुंजांचा?" समोरचा चिडतो. त्याला काटा हवा असतो, चौकशी नको असते.

पण सगळा घोळ तिथेच आहे. जुना आयुर्वेद ग्रंथकार शार्ङ्गधर याच्या मागध मानात, म्हणजे मापपद्धतीत, ६ गुंजांचा मासा आणि १६ माशांचा कर्ष, म्हणजेच तोळा. घरगुती वह्यांत आणि सोनारांकडे ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. गुणून बघा, दोन्हीकडे ९६ गुंजाच येतात. तोळा जुळतो, म्हणून माणूस गाफील राहतो. गुंज १२५ मिलिग्रॅमची धरली तर मासा मात्र एकीकडे पाऊण ग्रॅम आणि दुसरीकडे एक ग्रॅम. त्यात कालिंग मान या दुसऱ्या पद्धतीचा कर्ष ८० गुंजांचाच.

माझ्याकडे एक मुलगा शिकायला होता. हुशार, पण हात भलताच घाईचा. वहीत वरच्या ओळीत 'सितोपलादी १ मासा' होतं, खालच्या ओळीत 'त्रिभुवनकीर्ती १' आणि पुढचं अक्षर पुसलेलं. त्याने वरचा मासा खाली ओढला. एका गुंजेच्या जागी आठ गुंजा! त्रिभुवनकीर्तीत बचनाग हे विषारी मूळ असतं, हे त्याला परीक्षेपुरतं पाठ होतं. पुड्या बांधताना माझं लक्ष गेलं ते रंगाकडे. त्रिभुवनकीर्तीतल्या तांबड्या हिंगुळामुळे सितोपलादीच्या चूर्णाला जेमतेम गुलाबी झाक यायला हवी होती, ही पूड चक्क विटकरी दिसत होती. पेशंट बाहेर बाकड्यावर बसलेला. सगळ्या पुड्या सोडल्या, खल धुतला, पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून जुना पाठ हातात आला की प्रत्येक आकड्यापुढे मी तांबड्या पेन्सिलीने ग्रॅम-मिलिग्रॅम लिहितो. एकक पुसलेलं असेल तर ते औषध करतच नाही. अंदाज करायला मी ज्योतिषी नाही.

खऱ्या गुंजा तराजूत टाकून मोजायची हौसही नको. दोन बिया सारख्या भरत नाहीत, शिवाय बी विषारी. घरात लहान मूल असेल तर डबीसुद्धा ठेवू नका.

तोळ्याचं म्हणाल तर आजच्या सराफाचा १० ग्रॅमचा, इंग्रजी अमदानीतला ११.६६ चा, आणि आयुर्वेदाच्या सरकारी पाठसंग्रहात तो १२ चा. काष्ठौषधींच्या, म्हणजे वनस्पतींच्या चूर्णात कुठलाही धरा, फक्त एका पाठात एकच धरा. निम्मी औषधं दुकानातून 'तोळ्याने' आणायची आणि उरलेली घरी १२ ग्रॅमने मोजायची, हा उद्योग मी पाहिलेला आहे.

दुसरी माझी नावडती चूक द्रवद्वैगुण्याची. द्रव आणि ओली वनस्पती दुप्पट घ्यायची, एवढं अर्धं वाक्य सगळ्यांना येतं. शार्ङ्गधर हे प्रस्थ या मापापासून पुढे सांगतो, काही जण त्याहून लहान कुडवापासून धरतात. त्याखाली नाही, आणि तुला या मोठ्या वजनात तर कधीच नाही. मीही यात आपटलोय. शिकत असताना ताजा अडुळसा मिळाला म्हणून ऐटीत दुप्पट घातला. गुरुजी काही बोलले नाहीत, कागदावर एक श्लोक लिहून दिला. गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा, प्रसारणी या नऊ वनस्पती नेहमी ओल्याच वापरायच्या, दुप्पट करायच्या नाहीत. पाठातलं माप मुळातच ओल्याचं आहे, मग पुन्हा दुप्पट कशाला? तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

काढ्यात 'अष्टमांश' म्हणजे आठवा भाग उरवायचा, आटवायचा नाही. एक पल भरड म्हणजे ४८ ग्रॅम, १६ पट पाणी म्हणजे ७६८ मिली, उरले पाहिजेत ९६. मी आधी ९६ मिली पाणीच भांड्यात ओतून लाकडी काडी उभी धरतो, ओल्या रेषेवर खूण करतो, मग बाकीचं पाणी घालतो. मोठ्या आचेवर वीस मिनिटांत काढा उरकणाऱ्यांना ही काडी फार बोचते.

त्रिफळ्यातली 'एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे' ही माझ्या मते फळांची मोजणी आहे, ग्रॅमची नाही. हिरडा दोन कर्षांचा, बेहडा एकाचा, आवळा अर्ध्याचा धरला की तिन्हींचं वजन सारखंच येतं.

कोकण-गोव्यात भात मोजायचा कुडव वेगळा, तो इथे आणू नका. आपला १९२ ग्रॅमचा.

चमचा हे माप नाही.

आणि पाठात 'बिल्व' किंवा 'आम्र' दिसलं की पिशवी घेऊन बाजारात पळू नका. ती दोन्ही पलाचीही नावं आहेत. एका गृहस्थांनी आंबा मिळेना म्हणून औषध मे महिन्यापर्यंत पुढे ढकललं होतं.