दोन एक्स-रे एकावर एक बसवण्याआधी

आधी हे वाचा: पुटीचा (दाताचा ठसा घ्यायच्या मऊ सिलिकॉनचा) ठसा फेकू नका.

खालच्या दाढेजवळ हाडाचं ग्राफ्ट घातलेलं, सहा महिन्यांनी नवा एक्स-रे, त्यातून कॉम्प्युटरवर जुना वजा करायचा आणि हाड भरलं का ते बघायचं. खनिज बऱ्यापैकी घटल्या-वाढल्याशिवाय नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून हा खटाटोप. माझ्या वजाबाकीत तर हात न लावलेल्या शेजारच्या दातालाही हाड उगवलं होतं! सर काही बोलले नाहीत, नुसते हसले.

होल्डर, रिंग, लाँग कोन (सेन्सर धरायची आणि ट्यूब नेमकी रोखायची साधनं), दाताला समांतर सेन्सर हे सगळे करतातच. पण पहिल्याच दिवशी चावायच्या ब्लॉकवर पुटी लावून चाव्याचा ठसा घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला पेशंट त्याच जागी, त्याच कोनात चावेल. ॲडिशन सिलिकॉनचीच घ्या, कंडेन्सेशनची आकसते. ठसा जंतुनाशकात बुडवा, धुवा, वाळवा, पिशवीत घाला. वर केस नंबर, दात, तारीख. ब्लॉक अडकून पडतो म्हणून ठसा त्यावरून उपटू नका, जादा ब्लॉक मागवा. माझा ठसा संध्याकाळच्या आवराआवरीत कचऱ्यात गेला.

‘सॉफ्टवेअर बघून घेईल’ हे तर मनातच आणू नका. सरकलेली, फिरलेली, लहानमोठी झालेली प्रतिमा ते जुळवतं. नुसता सेन्सर कलला असेल तर दोन्ही चित्रांवर त्याच चार खुणा देऊन तेही बरंचसं निस्तरतं. पण एक्स-रेची ट्यूब आणि दात यांच्यातला कोन बदलला, की मुळं आणि हाडाची कड एकमेकांवर भलतीकडेच पडतात. ते चित्र कितीही ताणा, जुळणार नाही. म्हणून ठसा. परत सांगते, ठसा.

खुणा इनॅमल संपतं तिथे, फिलिंगच्या कोपऱ्यावर, मुळाच्या टोकावर. हाडाच्या कडेवर अजिबात नको, तीच बदलली का ते बघायचंय ना! मधल्या काळात दुसरीकडे फिलिंग बदललं किंवा कॅप बसवली का, हेही विचारा.

केव्ही, एमए (ट्यूबचा व्होल्टेज आणि करंट), वेळ दोन्ही खेपेला सारखी. सेन्सरऐवजी फॉस्फर प्लेट वापरली आणि ती उलटी लागली तर चित्र आरशातलं येतं. ऑटो-शार्पन (कडा आपोआप ठळक करणं) बंद, जेपेग नको. उजळपणा आधी जुळवा, मग वजाबाकी. न बदललेला भाग सपाट राखाडी हवा; दातांच्या कडांना काळी-पांढरी किनार दिसली तर खुणा पुन्हा ठेवा. तेवढ्यासाठी पेशंटचा आणखी एक्स-रे काढू नका.

सेव्ह, रिपोर्ट नेहमीचं. आणि पिशवी फाइलमध्ये परत गेली का बघा, वर्षाच्या एक्स-रेला लागेल.