ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शनवर लोअरिंग स्प्रिंग: माझा अनुभव

चाक आणि मडगार्डमधली मोकळी जागा मला कायम खटकायची. माझ्या गाडीला ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा कडकपणा इलेक्ट्रॉनिक्स गरजेनुसार बदलतं. ते शॉकॲब्सॉर्बर मूळचेच ठेवून गाडी फक्त 25 मिमी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग बसवल्या. फार खाली गेलं की शॉकॲब्सॉर्बर सारखा बंप स्टॉपवर (शेवटी धक्का अडवणाऱ्या ठोकळ्यावर) आपटतो, मग इलेक्ट्रॉनिक्स कितीही हुशार असो.

शॉकॲब्सॉर्बरची वायर आधी सोडवून घ्या, ती अजिबात ताणू देऊ नका. कंट्रोल आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा. हे मी आवर्जून सांगतो, कारण गाडी लटकत असताना आवळले तर सांध्यातले रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

खरी अडचण रात्री दिसली. हेडलाइटचा झोत अगदी बोनेटपुढेच पडत होता! मागच्या हाइट सेन्सरचा (गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरचा) दांडा वर उचलला गेला होता, त्यामुळे डिकीत ओझं भरलंय असं समजून सिस्टीमने झोत खाली वळवला होता. व्हील अलाइनमेंट झाल्यावर रिकामी गाडी सपाट जागेवर उभी केली, गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने सेन्सरची मूळ पातळी नव्याने नोंदवली आणि झोत जागेवर आला. कम्फर्ट मोडमध्ये (सस्पेन्शनच्या मऊ सेटिंगमध्ये) आता मागे तिघं बसले तरी गाडी आपटत नाही.