फायबर बोटीचा ट्रान्सम कुजला होता: इंजिन हलणं असं थांबलं

इंजिन वर उचललं की बोटीची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, वाकायची. बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी झिरपायचं आणि हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर भद्द आवाज यायचा. बोट जुनी, गोसीखुर्दच्या जलाशयात मासेमारीची.

बोल्ट आवळले, सिलिकॉन भरलं, बाहेरून लोखंडी पट्टी लावली. ट्रान्समच्या दोन फायबर थरांमधलं प्लायवूड कुजतच राहिलं. जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी इंजिन उतरवून आतल्या बाजूचा फायबरचा थर कापला, कडेला दोन इंच सोडून. बाहेरचा थर शाबूत ठेवा, आकार त्यानेच टिकतो. सडकं लाकूड पटाशीने पार कोरलं, सगळं खडखडीत वाळू दिलं आणि तोंडाला मास्क लावून ४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. पुठ्ठ्याचा साचा घेऊन आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचे (पाण्यात टिकणारं प्लायवूड) १८ मिमीचे दोन तुकडे कापले (जाडी आपल्या जुन्या फळीवरून ठरवा), इपॉक्सीने (हार्डनर मिसळला की कडक होणारं रेझिन) जोडले, कडाही इपॉक्सीने भिजवल्या. सिलिकाची भुकटी घालून दाट केलेली इपॉक्सी बाहेरच्या थराला आतून फासली, फळी बसवून क्लॅम्प आवळले. कोपऱ्यांना त्याच लगद्याची गोलाई, वर विणलेल्या काचकापडाचे तीन थर. साधी मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) नको. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर बहुधा पॉलिएस्टर रेझिनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत नाही.

आपल्याकडच्या मे महिन्यात इपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होते. पहाटे, थोडी थोडी कालवा.

मग बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि ती कडक झाल्यावर त्यातच नेमक्या मापाची पाडली. ही पायरी गाळू नका, लाकडात पाणी शिरतं ते इथूनच.